त्रेसष्ट गाठी आणि बंद कॉम्प्युटर

२ जुलै, बुधवार. संध्याकाळी ६.४०

दोनशे पानी वही आणली. आजपासून ती फक्त कॉम्प्युटरसाठी.

समस्या: घरचा डेस्कटॉप कधी सुरू होतो, कधी होत नाही. त्यात विंडोजऐवजी लिनक्स आहे, सहा वर्षांपूर्वी मीच बसवला. कधी स्क्रीन काळी राहते आणि तीन वेळा बीप वाजतो. कधी ग्रबपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या मेनूपर्यंत, येऊन थांबतो. कधी अक्षरं धावतात आणि मध्येच गोठतात. कधी काहीच न होता नीट सुरू होतो, म्हणजे तेव्हा तर संशय जास्तच.

इंटरनेटवरच्या लिनक्स फोरमवर गेली आठ वर्षं मी अनोळखी लोकांना हेच सांगत आलो: आधी नोंद ठेवा, मग स्क्रू काढा. माझी तिथे चौदाशेच्या वर उत्तरं आहेत. नावाखाली 'ज्येष्ठ सदस्य' असं येतं. घरी हे कोणाला माहीत नाही. मी क्लार्क आहे त्या शाळेच्या ऑफिसातही नाही.

घाई का, तेही लिहून ठेवतो. बाबा फेब्रुवारीत गेले. पन्नास वर्षं थळच्या बंदरातून बोट नेली. कुठे जाळं टाकायचं आणि कुठे खालचा खडक जाळं फाडतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. गेल्या दिवाळीपासून ते रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून एकेक जागा सांगायचे आणि मी ती कॉम्प्युटरवर लिहायचो. धाकटा भाऊ विनेश आता उरणचा कंटेनर ट्रेलर सोडून बोट चालवणार आहे. त्याला जागा माहीत नाहीत. नवं जाळं घेतलं आहे. नारळी पौर्णिमा आठ ऑगस्टला. त्याआधी त्याला यादी हवी.

यादी सुरक्षित आहे. सर्व ६३ जागा. फक्त मशीन सुरू व्हायला हवं.

अंदाज: दोन दिवसांचं काम.

४ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी सात प्रयत्न. चार वेळा बीप, दोन वेळा गोठला, एकदा सुरू झाला. सुरू झाला तेव्हा नेमका मी चहा घ्यायला आत गेलो होतो. परत आलो तर डेस्कटॉप दिसत होता. लगेच बंद केला. एकदा सुरू होणं हा पुरावा होत नाही.

आई म्हणाली, तीनदा वरडतंय तो, कायतरी मांगतंय. मी समजावलं की बीपचा अर्थ मदरबोर्डप्रमाणे बदलतो. ती म्हणाली, लेकरू रडला तरी अर्थ बदलतंय, पन पयला भूकच बगतात.

संशयित: एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. बदलून बघणार.

५ जुलै, शनिवार

बाबांची दोरी खुर्चीच्या पाठीवर लटकत होती, ती ड्रॉवरमध्ये ठेवली. धूळ बसते.

(ही दोरी म्हणजे जाळ्याच्या सुताचा तुकडा. एक जागा सांगून झाली की बाबा तिला एक गाठ मारायचे, म्हणजे तीच जागा दोनदा सांगितली जाऊ नये. वाचता येत नव्हतं त्यांना. त्रेसष्ट गाठी आहेत. सुतकात विनेशने मोजल्या होत्या.)

७ जुलै, सोमवार

अलिबागला जाऊन नवीन एसएमपीएस आणला. स्वप्निलच्या दुकानातून. त्याने विचारलं, काका, रॅम काढून पुसलीत का? मी म्हटलं, अर्थातच. फोरमवर माझी निम्मी उत्तरं रॅम काढून पुसा अशीच असतील. म्हणजे मला माहीत आहे. माहीत असणं आणि करून बघणं यांत फारसा फरक नाही.

नवीन एसएमपीएस बसवला. बीप तसाच. त्यामुळे एसएमपीएस निर्दोष ठरला. ही प्रगतीच आहे.

१० जुलै, गुरुवार

विनेश आला होता. बोट ओढून किनाऱ्यावर आहे, तळाला रंग चालू आहे. हाताला, पायाला, कानाला रंग. दारातूनच विचारलं, दादा, झाला का तुझा राकेट सुरू? मी सांगितलं की अधूनमधून येणारा बिघाड हा सर्वांत अवघड प्रकार. कायमचा बिघाड सोपा. तो म्हणाला, माझा ट्रेलर पन थंडीत नखरे करायचा, पन तो एवढा टाइम नाय घ्यायचा. मग म्हणाला, टेन्शन नको घेऊ, पन पौर्णिमेआधी लिस्ट दे. जाळं नवा हाय दादा, पयल्याच फेरीला खडकाला लागला त मना बंदरावर तोंड दाखवाला जागा नाय.

मी म्हटलं, पौर्णिमेआधी नक्की. जवळजवळ सगळ्या जागा आहेत त्यात.

'जवळजवळ' का म्हटलं, कळत नाही. तोंडातून गेलं.

तो गेल्यावर सुचिता म्हणाली, अहो, ते सगळं तेव्हाच एका वहीत का नाही लिहिलंत? बायकोला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. वहीला बॅकअप नसतो.

१३ जुलै, रविवार. सकाळी ६.०५

पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. घरात सगळे झोपलेले. स्क्रीनवर 'बाबा-जागा' ही फाईल समोरच होती.

उघडली नाही. गरज नव्हती. फाईल आहे, एवढं कळलं, पुरे. बिघाडाचा अभ्यास करायचा असेल तर त्यात इतर कामं मिसळू नयेत.

बंद केला. पुन्हा लावला तर तीन बीप. निरीक्षण: पहाटेच्या दमट हवेचा संबंध असावा की नसावा.

१५ जुलै, मंगळवार

नवा सिद्धांत: भरती. समुद्र पाचशे पावलांवर आहे, खारा वारा घरात येतो. उधाणाच्या दिवशी जास्त बिघाड होत असेल, भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवशी कमी. आईकडून महिन्याभराच्या तिथ्या घेतल्या, भरतीच्या वेळा काढल्या, तक्ता केला. सुबक झाला. तीन रंगांत. दोन संध्याकाळी गेल्या.

आईने विचारलं, समींदराला आता हा पन दोस लावनार तू?

१६ जुलै, बुधवार

सुचिताने स्वप्निलला फोन केला होता. त्याचं म्हणणं, हार्डडिस्क काढून द्या, दुकानातल्या मशीनला लावतो, फाईल पाच मिनिटांत पेनड्राइव्हवर.

नकार दिला. डिस्क काढली की मूळ परिस्थिती बदलते. मग बिघाड का होत होता ते कधीच कळणार नाही. सुचिता म्हणाली, कळून काय करायचंय? याला उत्तर आहे. सापडलं की लिहितो.

२० जुलै, रविवार

प्रयत्न ११. यशस्वी ४. अयशस्वी ७. चारही वेळा लगेच बंद केला.

आज बाबांची खुर्ची बाजूला सरकवली. प्लास्टिकची आहे, पाय वाकलाय. ते बसायचे तेव्हा करकर वाजायची. दोन महिने ते रोज साडेसहाला येऊन बसायचे, लुंगी सावरायचे, घसा खाकरायचे आणि डोळे मिटायचे. मग समुद्र दिसायला लागायचा बहुतेक. कारखान्याची चिमणी कनकेश्वराच्या डोंगराच्या खांद्याला लागली की... असं सुरू व्हायचं. खांदेरी बेटावरचा दिवा इतका डाव्या हाताला. पाणी इतके वाव खोल. खाली चिखल, वाळू, खडक. इथे घोळ मासा. इथे कोळंबी. इथे मरूदे, इथे जाऊ नको. सांगून झालं की एक गाठ.

माझ्या टाइपिंगचा त्यांना अभिमान होता. टकटक ऐकत राहायचे. एकदा मध्येच लाईट गेली होती, तरी मी थांबलो नाही. त्यांचा ओघ तुटू नये म्हणून. त्यांना कळलंही नाही.

विषयांतर झालं.

२३ जुलै, बुधवार

मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी बदलली. उपयोग नाही. केबल बदलली. उपयोग नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना निवडला. तीन बीप.

विनेशचा निरोप: किती जागा आल्या तेवढ्या तरी दे.

उत्तर पाठवलं: महत्त्वाच्या सगळ्या आहेत.

२४ जुलै, गुरुवार

काल खोटं लिहिलं नाही. महत्त्वाच्या सगळ्या, म्हणजे सुरुवातीच्या. बाबा महत्त्वाच्या जागा आधी सांगणार हे उघड आहे.

२७ जुलै, रविवार. दुपार

ही वही कोणी वाचणार नाही. म्हणून एक बाब नोंदवतो. तांत्रिक बाब आहे.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस मी सर्व लिहून घेतलं. मग त्याच सुमारास फोरमवर बूट न होणाऱ्या मशीनचे प्रश्न फार यायला लागले. कुठल्या तरी अपडेटमुळे जगभर लोक अडकले होते. बाबा सांगायचे आणि मी उत्तरं द्यायचो. दोन्ही एकाच वेळी. म्हणजे कान बाबांकडे होता. बोटं दुसरीकडे. मधूनमधून हं म्हणायचो. पुढे, म्हणायचो. बाबा पुढे जायचे.

नंतर लिहून काढेन असा विचार होता. ऐकलेलं डोक्यात राहतं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, पन्नास मुलांचे जनरल रजिस्टर नंबर मला पाठ आहेत.

आज दोरी काढून बसलो. बाराव्या गाठीवर बोट ठेवलं. काही आठवलं नाही. तेराव्यावर ठेवलं. खुर्चीची करकर आठवली.

दोरी परत ड्रॉवरमध्ये. निष्कर्ष: मशीन सुरू झाल्याशिवाय नक्की काय आहे आणि काय नाही हे सांगता येत नाही. म्हणून आधी मशीन.

३० जुलै, बुधवार

संकल्प:
उद्यापासून रोज फक्त एक घटक बदलणार.
रॅम शेवटी. सर्वांत सोपी गोष्ट शेवटी ठेवणं शिस्तीचं असतं.
विनेशला सगळं सांगणार. वेळ बघून.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मासेमारीची बंदी उठली. काही बोटी आजच गेल्या. विनेश पौर्णिमेपर्यंत थांबणार, बाबा थांबायचे तसं. संध्याकाळी आला, ड्रॉवरमधून दोरी काढून घेतली आणि गाठी चाचपत बसला. नेमका बाबांच्याच खुर्चीत. म्हणाला, मी ट्रेलरवर व्हतो तवा फोन करायचा बाबा. बोलायचा, दादाला देतंय सगळा, तुज्यासाठी. मी हसायचो. मना काय म्हाईत मी परत येनार हाय.

वेळ योग्य वाटली नाही. चहा दिला.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.३०

मशीन सुरू झालं.

मी बाजारात गेलो होतो. सुचिताने मला न विचारता स्वप्निलला घरी बोलावलं. त्याने डब्याचं बाजूचं झाकण उघडलं, रॅम काढली. टोकांवर हिरवट थर, खाऱ्या हवेचा. देव्हाऱ्याजवळच्या डब्यातला माझा खोडरबर घेतला, पुसली, बसवली. सहा मिनिटं. मग सात वेळा बंद-चालू करून दाखवलं. सात वेळा सुरू.

मला फोन आला तेव्हा मी कांदे घेत होतो. कांदे तिथेच राहिले.

घरी पोचलो तर आई, विनेश, सुचिता, स्वप्निल सगळे मॉनिटरसमोर. सुचिता वाचत होती. एक. दोन. तीन. आई मान डोलवत होती, जसं काही बाबाच सांगतायत. पाचव्या जागेला तर म्हणाली, व्हय व्हय, तिथं पापलेट गावलेला, तुज्या लग्नाला. नऊ. दहा. अकरा.

बारा हा नुसता आकडा, आणि त्यापुढे काही नाही.

विनेश म्हणाला, वैनी, खाली सरकव. सुचिताने सरकवलं. पांढरं. आणखी सरकवलं. पांढरं. विनेश खिशातून दोरी काढून गाठी मोजू लागला. मोजलेल्या होत्या, तरी.

मी म्हटलं, बाकीचा भाग करप्ट झाला असणार. बूट होताना असं होतं.

स्वप्निल खालच्या आवाजात म्हणाला, काका, डिस्क एकदम चांगली आहे. फाईलमध्ये शेवटचं लिहिलंय ते गेल्या सात नोव्हेंबरला.

स्वप्निलने खोडरबर परत डब्यात ठेवला, चप्पल घातली आणि पैसे न घेता गेला. विनेश उठला. दारात थांबून म्हणाला, दादा, मी तुला सोडून कोनाला तरी इचारला असता ना. महिनाभर. खलाशी होते, बाकीचे नाखवा होते. मी बोललो सगळ्यांना, माझ्या दादाकडं हाय.

४ ऑगस्ट, सोमवार

शाळेला रजा नाही घेतली. घरी थांबणं नको वाटलं.

मशीन: प्रयत्न १, यशस्वी १.

५ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली. ती सहसा येत नाही. बाबांच्या खुर्चीत न बसता जमिनीवर बसली. कांद्याची पात घेऊन, कारण हात रिकामे ठेवून बोलायची तिला सवय नाही.

म्हणाली, तुज्या बाबाला ठाव व्हता.

मी विचारलं, काय.

म्हणाली, लाईट गेलती एक दिस. पंखा थांबला. अंधार. मी भाईर दिवा शोधतंय, आन आतून तुजी टकटक चालूच. तो भाईर आला न माज्या कानात बोलला, मैने, लाईट नाय तरी लिवतंय बग तुजा पोर. आन असा हसला, मना वाटला ठसका लागला.

मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी का आले? त्यानंतरही दीड महिना येत होते.

आईने पात निवडून संपवली. मग म्हणाली, मी पन तेच इचारला, तो लिवत नाय त कशाला जातंस? त बोलला, मी नाय बसलो त तो कोनाशी बसल? दिवसभर नाय बोलत कोनाशी. मी जातंय त हं तरी बोलतंय.

आई उठून गेली.

नोंद: मशीन आज पहिल्या प्रयत्नात सुरू झालं.

६ ऑगस्ट, बुधवार

आईकडून सात जागा मिळाल्या, पण मासा कुठला आणि भाव काय एवढंच तिला नक्की. चिमणी कुठे, दिवा कुठे, ते नाही. ती किनाऱ्यावर विकायची, समुद्रात गेली नाही.

जुन्या खलाशांपैकी एक रेवसला दुसऱ्या बोटीवर, कालच गेला. दुसऱ्याचा फोन लागत नाही.

काल रात्रीपासून फोरमवरची माझी उत्तरं वाचतोय. नोव्हेंबर ते जानेवारी, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. दोनशे अकरा उत्तरं. बाबांनी बावन्न जागा सांगितल्या त्या वेळात. एकही चूक नाही माझ्या उत्तरांत. सभ्य, मुद्देसूद. घाबरू नका, आपण एकेक गोष्ट तपासू, असं मी लिहितो लोकांना.

७ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी

सापडली. एक.

अठरा नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२२. कुठल्या तरी देशातल्या माणसाचं मशीन तीन बीप देत होतं. माझं उत्तर, इंग्रजीतून: आधी रॅम काढून पुसा. मग जुना कर्नल निवडा. आणि त्याच ओळीत पुढे, इंग्रजी अक्षरांत मराठी: चिमणी कनकेश्वराच्या डाव्या खांद्यावर, दिवा पाठीमागे, आठ वाव, मऊ चिखल, भांगाच्या दिवसांत घोळ.

कान आणि बोटं एकदाच जुळली असावीत.

खाली त्या माणसाचं उत्तर आहे. पहिला भाग केला, मशीन सुरू झालं, आभारी आहे. दुसरा भाग समजला नाही, ती कमांड कुठे टाइप करायची?

फाईलमध्ये बारावी जागा टाकली. प्रिंट काढून विनेशच्या हातात दिली. त्याने वाचली, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाला, त्रेसष्टातल्या बारा.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

यंदा आमच्याकडे सण नाही. पण समुद्राला नारळ द्यावाच लागतो. बंदरावर वाजंत्री होती, बायका नटलेल्या. आम्ही बाजूला उभे. नारळ थोरल्याने सोडायचा. विनेशने तो माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता. मी गुडघाभर पाण्यात गेलो, सोडला. लाटेने दोनदा परत आणला. तिसऱ्यांदा गेला.

पहाटे विनेश बोट नेणार.

९ ऑगस्ट, शनिवार

फोरमवर आठ नवीन प्रश्न. एकाचं मशीन अधूनमधून बूट होत नाही. उत्तर दिलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.१०

विनेश दुपारी परत आला. बारापैकी तीन ठिकाणी गेला, तीन ठिकाणी माल लागला. चौथ्या ठिकाणी अंदाजाने टाकलं. जाळं खालून अर्धं गेलं. बंदरावर चार माणसांनी धरून उतरवलं, तेव्हा मी होतो. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. विचारलं फक्त, ती जागा बाबांनी सांगितलेली व्हती का? मी म्हटलं, सांगितली असणार. त्याने मान हलवली.

साडेसहाला घरी आला. अंघोळ करून, तेल लावून. बाबांच्या खुर्चीत बसला. करकर. म्हणाला, लिव.

मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. बीपही नाही. पुन्हा दाबलं. रॅम, असं माझ्या मनात आलं. विनेश म्हणाला, दादा, लाईट गेलीय.

पंखा थांबलेला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सुचिताने मेणबत्ती आणून ठेवली. मी ही वही घेतली, विनेश सांगू लागला.

१३. चिमणी आणि कनकेश्वराचं टोक एका रेषेत. खांदेरीचा दिवा उजव्या हाताला, बोटीच्या पुढच्या नाळेपासून दोन बोटं. नऊ वाव. वरून पाणी साफ दिसतं. खाली खडक, धारेचा. जाळं टाकू नये.

विनेश म्हणाला, वाचून दाखव.

वाचून दाखवलं.

म्हणाला, परत.